पाळणाघराची फी आणि पुण्याच्या जुन्या सॅलरी स्लिप

आजचा भाग लहान मूल घेऊन जपानला आलेल्या, किंवा यायच्या विचारात असलेल्या मराठी जोडप्यांसाठी. विषय आहे सरकारमान्य पाळणाघराची, म्हणजे इथल्या ‘निन्का होइकुएन’ची फी.

आम्ही मे २०२३ मध्ये पुण्याहून आलो. टोकियोला लागून असलेल्या एका शहरात राहतो. मुलीचा जन्म जून २०२२ चा. एप्रिल २०२४ पासून तिला पाळणाघरात जागा मिळाली आणि बायकोला आठवड्यातून चार दिवसांची नोकरी. पेढे वाटायचेच बाकी होते. तेवढ्यात नगरपालिकेचं पत्र आलं : महिना ७७ हजार येन!

बायकोच्या हातात येणार होते १ लाख ४० हजार. रात्री ती शांतपणे म्हणाली, “मग मी नोकरी करायची कशासाठी?” मी गप्प बसलो. त्याची आज लाज वाटते. कारण नोकरी सोडण्यातली मेख नंतर कळली. आईबाबांपैकी एक जण घरी असेल तर पाळणाघराची गरज आहे असं इथे सहसा धरत नाहीत. नवी नोकरी शोधायला थोडी मुदत देतात, पण तेवढ्यात मिळाली नाही तर मुलाची जागाच जाते.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या बाईंनी कागदावर चौकोन काढून समजावलं.

पहिली गोष्ट, ० ते २ वर्षांच्या वर्गांची फी आजच्या पगारावर ठरत नाही. आईबाबा दोघांच्या रहिवासी करातला नगरपालिकेचा भाग एकत्र करतात आणि त्यावरून स्लॅब ठरतो. त्यातही एप्रिल ते ऑगस्टसाठी मागच्या आर्थिक वर्षाचा कर धरतात आणि तो त्याच्याही आधीच्या वर्षीच्या कमाईवर असतो. म्हणजे एप्रिल २०२४ च्या फीला २०२२ ची कमाई! तेव्हा आम्ही दोघंही पुण्यात. त्यांच्याकडे आमची काहीच नोंद नाही, म्हणून थेट सगळ्यात वरचा स्लॅब. आपल्या भाषेत, इनपुट नल आणि डिफॉल्ट व्हॅल्यू सगळ्यात महागडी.

परदेशातल्या कमाईचा पुरावा द्या, असं अर्जात लिहिलेलं होतं. ‘नंतर देऊ’ म्हणून मीच बाजूला ठेवलं होतं. चूक माझी.

मी फॉर्म १६ काढायला निघालो, पण तो एप्रिल ते मार्चचा. यांना हवी जानेवारी ते डिसेंबरची कमाई. मग दोघांच्या बारा-बारा सॅलरी स्लिप शोधल्या. जुन्या कंपनीचं लॉगिन बंद झालेलं. नशीब, काही स्लिप मेलमध्ये होत्या आणि उरलेल्या एचआरकडून मागवल्या. जपानी भाषांतर जोडून दिलं. पुण्याचे पगार येनमध्ये मोजल्यावर फी झाली १२ हजार ५०० येन. नोकरी टिकली, जागाही टिकली.

पण लगेच खूश होऊ नका. सप्टेंबरपासून नव्या वर्षाचा कर धरतात. आमच्या २०२३ च्या कमाईत जपानचा पगार आला आणि फी दुप्पट झाली. तेव्हा सप्टेंबरची तयारी आधीच ठेवा. अजून एक, फुरुसातो नोझेई किंवा गृहकर्जामुळे कर कमी झाला तरी त्याने ही फी कमी होत नाही. हिशोब ती सूट वजा करण्याआधीच्या करावर होतो.

आता सवलती. ऑक्टोबर २०१९ पासून ३ ते ५ वर्षांच्या वर्गांची फी देशभर माफ आहे. जेवणाचे पैसे मात्र वेगळे असू शकतात. इथे वय १ एप्रिलला मोजतात. आमची लेक जून २०२५ मध्ये तीन वर्षांची झाली, तरी फी मार्च २०२६ पर्यंतची. ० ते २ च्या वर्गात रहिवासी कर लागत नसलेल्या कुटुंबांनाही फी माफ. दोन भावंडं एकाच वेळी पाळणाघरात असतील तर दुसऱ्याची फी निम्मी, तिसऱ्याची शून्य.

हे झाले देशाचे नियम. काही ठिकाणी स्थानिक सरकार त्यात भर घालतं. टोकियोत दुसऱ्या मुलाची फी ऑक्टोबर २०२३ पासून माफ आहे आणि पहिल्याचीही सप्टेंबर २०२५ पासून. आमच्या घरातून नदीपलीकडे टोकियो दिसतं, पण फी मात्र अलीकडची! घर शोधताना भाडं आणि स्टेशन बघता, तसं हेही बघा.

आणि भारत सोडण्याआधी एक काम नक्की करा. मागच्या दोन-अडीच वर्षांच्या सॅलरी स्लिप, दोघांच्याही, डाउनलोड करून ठेवा. लोणच्याची बरणी इथे मिळते हो, जुनी सॅलरी स्लिप नाही मिळत.

कुणी मित्र-मैत्रीण निघायच्या तयारीत असेल तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!