पायवाट आणि पगारी रजा



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा, हा गृहस्थ नव्या कामगार कायद्यांवर काही बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी म्हणालो, “इटलीतल्या समुद्रकाठच्या पाच गावांमधून आम्ही चौघे चाललो, त्यावर बोलतो.” ते क्षणभर गप्पच राहिले. त्यांचे गप्प राहणे योग्यच होते. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते रात्रशाळेत, फुकट वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. असा माणूस परदेशच्या सहलीचे वर्णन करू लागला, तर याला पैसा कोठून आला, असे कोणाच्याही मनात येईल. ते आधीच सांगून टाकतो. आमची मुलगी तुरीन शहरात नोकरी करते. तिकिटे तिने काढली आणि मला तंबी दिली, “बाबा, या वेळी ‘बैठक आहे’ म्हणालात, तर मी पुन्हा बोलावणार नाही.” म्हणून गेल्या सप्टेंबरात मी, पत्नी आणि धाकटा मुलगा असे तिघे तिच्याकडे गेलो.

इटलीच्या वायव्येस जिनोव्हा आणि ला स्पेत्सिया या दोन बंदरांच्या दरम्यान समुद्राला टेकून उभा चढ असलेले डोंगर आहेत. त्यांच्या बेचक्यांत मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे ही पाच खेडी वसली आहेत. या टापूला ‘चिंक्वे तेरे’, म्हणजे ‘पाच भूमी’ म्हणतात. पाचांची वस्ती मिळून चार हजारांच्या आत. १८७४ साली डोंगर पोखरून येथे रेल्वे आली. तोपर्यंत एका गावाहून दुसऱ्या गावी जावयाचे तर होडीने जा, नाही तर डोंगरातल्या पायवाटेने. त्याच पायवाटांवरून आज जगभरची माणसे हौसेने चालतात. १९९७ साली युनेस्कोने या टापूला जागतिक वारशाच्या यादीत घेतले आणि १९९९ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले.

आमचा मुक्काम ला स्पेत्सियास होता, कारण तेथे खोली स्वस्त. रोज सकाळी गाडीने एका खेड्यात उतरावे, पुढच्या खेड्यापर्यंत चालावे आणि संध्याकाळी गाडीने परत यावे, असा चार दिवसांचा बेत होता. त्या वाटांवर चपला घालून जाण्यास बंदी आहे, दंड होतो. त्यामुळे आमच्या सौभाग्यवतींनी आयुष्यात प्रथमच बूट घेतले. दुकानात त्या आरशात पायांकडे पाहून हसत होत्या, आणि मी घड्याळाकडे पाहत होतो. ही माझी जुनी खोड.

पहिल्या दिवशी मोंतेरोस्सोहून वेर्नात्सा. लिंबांच्या बागा संपल्या की दगडी पायऱ्यांचा चढ लागतो. उजव्या हाताला खाली समुद्र, डाव्या हाताला द्राक्षांचे आणि ऑलिव्हचे मळे. वाट काही ठिकाणी इतकी अरुंद की समोरून माणूस आला तर आपण भिंतीला चिकटून उभे राहावे. अंतर साडेतीन किलोमीटरांचे, म्हणजे स्टेशनापासून आमच्या कचेरीइतके. पण त्याला दोन तासांहून अधिक लागले. मी माझ्या सवयीप्रमाणे पुढे निघालो. मोर्चात पुढे चालावयाची सवय. मागे वळून पाहतो तो मुले आणि त्यांची आई दिसेनात. थांबलो. दहा मिनिटांनी त्या आल्या, एका दगडावर टेकल्या आणि म्हणाल्या, “अहो, अठ्ठावीस वर्षांत आपण दोघे इतका वेळ कधी बरोबर चाललोच नाही. तुम्ही किती भरभर चालता, हे मला आज कळले.”

त्यात तक्रार नव्हती. पण बंधुभगिनींनो, मला माझ्या कारखान्यातल्या प्रत्येक खात्याची चाल ठाऊक आहे. पेंटशॉपची पाळी केव्हा दमते, कोणत्या मशीनवर उत्पादन का घटते, हे मी झोपेत सांगेन. आणि माझ्या घरच्या माणसाचा गुडघा चढावर दुखतो, हे मला ठाऊक नव्हते!

येथे एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही जो करार केला, त्यात शिल्लक रजा विकून पैसे घेण्याची मर्यादा वाढवून घेतली. कामगारांनी मला हार घातला. मीही माझी रजा वर्षानुवर्षे विकली. मुलीची फी, घराचा हप्ता, गावच्या घराची कौले; कारणे सगळी खरी होती. पण रजा म्हणजे काय, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

ही रजा काही कोणी दान म्हणून दिलेली नाही. १९३६ च्या मे-जून महिन्यांत फ्रान्समधल्या लाखो कामगारांनी संप केला आणि कारखान्यांत ठाण मांडले. ७ जूनला करार झाला आणि २० जूनला दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. लेओ लाग्रांज या मंत्र्याने रजेवर जाणाऱ्या कामगारांसाठी रेल्वेचे सवलतीचे तिकीट काढविले. त्या उन्हाळ्यात कित्येक कामगार कुटुंबांनी समुद्र प्रथमच पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने पगारी रजेचा ठराव संमत केला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा दिली, वर्षात दोनशे चाळीस दिवस काम भरले तर. इटलीची राज्यघटनाही १९४८ सालीच अमलात आली. तिचे छत्तिसावे कलम सांगते की, कामगाराला आठवड्याची सुट्टी आणि वर्षाची पगारी रजा यांचा हक्क आहे, आणि त्या हक्कावर त्याला स्वतःलाही पाणी सोडता येणार नाही. तेथे आज वर्षाला निदान चार आठवडे रजा असते, आणि नोकरी चालू असताना तिच्याऐवजी पैसे घेता येत नाहीत. मुलीने हे कलम मला गाडीत वाचून दाखविले, तेव्हा आमचा करार आठवून मी खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर बोगदा होता.

दुसऱ्या दिवशी वेर्नात्साहून कोर्निल्या केले. हे एकच गाव पाण्याकाठी नाही. ते समुद्रापासून शंभरेक मीटर उंच सुळक्यावर बसले आहे. तेथून स्टेशनात उतरण्यास पावणेचारशेंहून अधिक पायऱ्या आहेत. या खेपेस मी मागे चाललो. मागे चालणाऱ्याला पुष्कळ दिसते. मुलगा आईची पिशवी न सांगता घेतो, हे दिसले. मुलगी आता थकल्यावर बोलत नाही, लहानपणी थकली की फार बोलत असे, हेही दिसले.

तिसऱ्या दिवशीची वाट सर्वांत कठीण. कोर्निल्याहून वर वोलास्त्रा नावाच्या वाडीवर चढावयाचे आणि तेथून मानारोल्यास उतरावयाचे. ही वाट द्राक्षमळ्यांच्या मधून जाते. मळे म्हणजे काय, तर डोंगराला पायऱ्या पाडलेल्या, आणि प्रत्येक पायरीला दगडांची भिंत. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड बसविलेला. पावसाचे पाणी फटींतून निथळून जाते आणि माती जागेवर राहते. कित्येक पिढ्यांनी हे दगड हातांनी रचले. द्राक्षांच्या टोपल्या बायकांनी डोक्यावरून वाहिल्या. अलीकडे एकरुळी छोटी गाडी ओझे वर ओढते, पण भिंत रचावयास अजून माणसाचेच हात लागतात.

मी ती भिंत पाहिली आणि एकदम म्हणालो, “अरे, हा तर गडगा!” आपल्यापैकी जे कोकणातले आहेत, त्यांना सांगावयास नको. माझे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. मे महिन्यात रजा घेऊन आम्हां सर्वांना गावी नेत. जाताना समुद्र दिसे, पण थांबून पाहावयास त्यांना फुरसत नसे. पावसाच्या आत घर शाकारावयाचे आणि ढासळलेला गडगा पुन्हा रचावयाचा, यातच त्यांची रजा संपे. १९८२ चा संप झाला. त्यानंतर गिरणीने त्यांना कामावर घेतले नाही. मग रजाच रजा होती, पण ती पगारी नव्हती.

त्या वाटेवर सत्तरीचा एक म्हातारा भिंतीचे खिंडार बुजवीत होता. मुलीने दुभाष्याचे काम केले. तो ला स्पेत्सियाच्या नौदलाच्या गोदीत तीस वर्षे कामगार होता. ही गोदी १८६९ पासूनची. या खेड्यांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या तेथे कामास जात आले. मी विचारले, “रजा केव्हा घेत होतात?” तो म्हणाला, “सप्टेंबरात. द्राक्षे उतरवावयाची असत ना.” मी वडिलांची हकीकत सांगितली. तो हसला, हातातला दगड फिरवून पाहिला आणि म्हणाला, “भिंत एके जागी फुगते. त्याच वर्षी हात लावला तर एका दिवसाचे काम. नाही लावला, तर पुढच्या पावसाळ्यात सबंध पायरी खाली.” मग माझ्या पत्नीकडे पाहून तो मुलीला काही बोलला. मुलीने आधी सांगितले नाही; खोदून विचारल्यावर म्हणाली, “तो म्हणतो, त्याची बायको गेली. तिला समोरच्या वाटेने मानारोल्यापर्यंत हौसेने म्हणून चालत जावयाचे होते. इथेच जन्मली, पण ओझ्यावाचून ती कधी चालली नाही.”

त्याने भिंतीविषयी सांगितलेले अक्षरशः खरे आहे. तरुण माणसे मळे सोडून शहरांत गेली, कित्येक पायऱ्या ओस पडल्या, भिंती ढासळल्या. २५ ऑक्टोबर २०११ रोजी तुफान पाऊस झाला. डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला आणि मोंतेरोस्सो व वेर्नात्सा ही गावे त्याखाली गाडली गेली. माणसे दगावली. पाऊस अस्मानी होता. पण ओस पडलेल्या मळ्यांनी त्याचे काम सोपे केले. २०१८ साली युनेस्कोने इटलीसह आठ देशांतल्या या कोरड्या भिंतींच्या कारागिरीचा गौरव केला. परंतु गौरवाने दगड जागेवर बसत नाही.

शेवटच्या दिवशी आम्ही रिओमाज्जोरेहून मानारोल्यास आलो. ही वाट जेमतेम एक किलोमीटरची, सपाट. तिला ‘प्रेमाची वाट’ म्हणतात. तिचा उगम मात्र कामात आहे. १९२० नंतरच्या दशकात रेल्वेच्या कामासाठी सुरुंगाच्या दारूची कोठारे गावाबाहेर बांधली. त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटेतून ही वाट झाली. सप्टेंबर २०१२ मध्ये येथे दरड कोसळून चार प्रवासी बायका जखमी झाल्या. वाट बंद झाली, ती २०२४ साली उघडली. अर्ध्या तासाच्या फिरण्यासाठी बारा वर्षे! त्या वाटेवर आम्ही दोघे बरोबर चाललो. मी हळू चाललो असे म्हणणार होतो. पण खरे सांगावयाचे तर वाट सपाट असल्याने त्याच माझ्यापुढे होत्या.

आता कोणी म्हणेल, “साहेब, पगार पुरत नाही म्हणून कामगार रजा विकतो. उपाशी माणसाला डोंगर काय दाखविता?” हा आक्षेप बिनतोड आहे. मी स्वतः त्याच कारणाने रजा विकली. पण याचा अर्थ असा की, पगार जेथे कमी पडतो तेथले भोक आपण रजेचे ठिगळ लावून बुजवितो, आणि मालकाला ते भोक दिसतच नाही. ज्याला रजाच मिळत नाही, त्या कंत्राटी कामगाराची गोष्ट तर याहूनही वाईट. म्हणून येत्या करारात मी माझ्या सभासदांपुढे दोन मागण्या ठेवणार आहे. वर्षातली निदान दहा दिवसांची रजा विकता येऊ नये, आणि ती घेताना प्रवासखर्च वेगळा मिळावा. मला हार मिळणार नाही. कदाचित शिव्या मिळतील. त्या मी ऐकून घेईन.

आणि त्यासाठी इटलीस जावयास नको. आपल्या कोकणात खाडी तरीने ओलांडून गावोगाव चालत जाता येते. एस. टी. आहे, भाकरी बांधून घेता येते. या मे महिन्यात मी आणि आमच्या सौभाग्यवती गावी जाणार आहोत. गडगा यंदाही एके जागी फुगला आहे, तो रचू. पण त्या कामाला दोन दिवस पुरे. उरलेले आठ दिवस आम्ही, ज्या समुद्रापाशी वडील कधी थांबले नाहीत, त्याच्या काठाने चालणार आहोत. बूट त्यांनी जपून ठेवले आहेत.