तापल्याशिवाय बंद करू नका

श्रोतेहो, आमच्या घरातल्या जुन्या ट्रॅक्टरांवर बोला, असं मला सांगितलंय. वेळ दहा मिनिटांचा आहे आणि बोलण्यासारखं फार आहे, म्हणून जे सांगायचंच आहे ते आधी सांगून टाकते. तुमच्या घरी जुना ट्रॅक्टर उभा असेल, तर तो महिन्यातून एकदा चालू करा. आणि चालू केलात, तर पूर्ण तापल्याशिवाय बंद करू नका. यातलं पहिलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं राहत नाही. गोठ्यामागं उभी असलेली चांगली चांगली इंजिनं जातात ती या दुसऱ्यामुळं.

आमच्याकडं हा नाद सासऱ्यांपासूनचा. त्यांना आम्ही आबा म्हणतो. आमची उसाची शेती, वाळवा तालुक्यात. आबांचा पहिला ट्रॅक्टर इंटरनॅशनलचा बी-275, लाल रंगाचा. 1963 साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून मुंबईत कंपनी काढली होती, तिचा हा ट्रॅक्टर. मूळ आराखडा इंग्लंडमधल्या डॉनकास्टरच्या कारखान्याचा. पुढं नवा ट्रॅक्टर घेताना एजंट म्हणाला, जुना द्या, किमतीत वळता करतो. आबांनी दिला नाही. ज्यानं माळाचं रान केलं त्याला मी दारातून घालवणार नाही, एवढंच म्हणाले. मग त्याच्या शेजारी दुसरा आला, तिसरा आला. आता थोरले भाऊजी गावोगावी फिरून शोध लावतात, जाऊबाईंकडं वही असते, पुतण्या आयटीआय करून आलाय तो इंजिन खोलतो, आणि बांधावर घालून चालवून बघायचं काम माझं.

लोक विचारतात, एवढ्या नव्या गाड्या असताना हे लोखंड कशाला? मी म्हणते, आपल्या रानाचा इतिहास यांच्या चाकाखालून गेलाय. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतात लाखो एकर जमीन कांस गवतानं गिळली होती. आपल्याकडं कुंदा असतो ना, मुळं खोल जाणारा, बैलाच्या नांगराला दाद न देणारा, तसलंच. ते उपटायला मोठे ट्रॅक्टर हवेत म्हणून भारत सरकारनं 1949 साली जागतिक बँकेकडून 1 कोटी डॉलरचं कर्ज घेतलं. म्हणजे देश उभा राहताना अगदी सुरुवातीच्या परदेशी कर्जांतलं एक कर्ज नांगरटीसाठी होतं! मग 1959 साली फरीदाबादला आयशरचा ट्रॅक्टर तयार होऊन बाहेर पडला. भारतात बनलेला तो पहिला ट्रॅक्टर मानतात. तंत्र जर्मनीचं, इंजिन हवेवर थंड होणारं, रेडिएटर नाहीच. आमच्याकडचा आयशर बऱ्याच नंतरचा आहे, पण जातकुळी तीच. त्याच्या इंजिनाच्या फिनमध्ये चिखल बसू द्यायचा नाही आणि पंख्याच्या जाळीमागं चिमण्यांनी काड्या भरल्यात का ते बघायचं, एवढं सांभाळलं की तो कुरकुरत नाही. एचएमटीनं 1971 साली पिंजोरला झेटर 2511 सुरू केला, चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्यानं, 25 हॉर्सपॉवरचा. तोही आहे आमच्याकडं. स्वराज 1974 चा, त्याचा आराखडा दुर्गापूरच्या आपल्या संशोधन संस्थेतला. त्यावर बोलायला मला वेगळी दहा मिनिटं द्यावी लागतील.

पण घरात सगळ्यांचा लाडका आहे तो करडा फर्ग्युसन. टीई-20. हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसानं काढलेला. इंग्लंडात कॉव्हेंट्रीला 1946 ते 1956 या दहा वर्षांत असे 5 लाखांहून जास्त ट्रॅक्टर बनले. त्याआधी नांगर ट्रॅक्टरच्या मागं साखळीनं किंवा दांड्यानं नुसता ओढला जायचा. फर्ग्युसननं तीन सांध्यांची जोडणी आणि हायड्रॉलिक लिफ्ट अशी बसवली, की नांगर मातीत ओढ घेतो तेव्हा तीच ओढ मागच्या चाकांवर भार टाकते आणि चाक फिरून घसरत नाही. म्हणून हा छोटासा, हलका ट्रॅक्टर मोठ्यांच्या तोडीचं काम करायचा. आज तुमच्या दारातला कुठलाही ट्रॅक्टर घ्या, मागं ती तीन सांध्यांची जोडणी आहे. ती त्याच घराण्याची. एडमंड हिलरी एव्हरेस्टनंतर दक्षिण ध्रुवावर गेले, 1958 च्या जानेवारीत, ते हेच फर्ग्युसन घेऊन.

आता मी माझ्या मुद्द्यावर येते. या फर्ग्युसनचा एक प्रकार पेट्रोलवर सुरू करून रॉकेलसारख्या जड तेलावर चालवायचा होता. आमचा तोच आहे. पेट्रोलवर चालू करायचा आणि इंजिन चांगलं तापलं की मगच कॉक फिरवून दुसऱ्या तेलावर घ्यायचा. घाई केली तर ते तेल नीट पेटत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि चेंबरमधलं ऑइल पातळ करतं. जर्मनीतला लान्झ बुलडॉग, 1921 पासूनचा, तर तापवल्याशिवाय सुरूच होत नसे. पुढच्या गोळ्याला दिव्याची ज्योत लावून तो लालभडक करायचा, मग स्टिअरिंग दांड्यासकट उपसून बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये घालायचं आणि हिसडा द्यायचा. त्या पिढीच्या चालकाला ताप म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. आपल्याला सेल्फ मिळाला, चावी मिळाली, आणि आपण ते विसरलो.

का तापू द्यायचं? नीट ऐका. एक लिटर डिझेल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं. थोडी वाफ पिस्टनच्या रिंगांवाटे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतेच. इंजिन गरम असेल तर ती तिथून उडून जाते. थंड लोखंडाला लागली तर तिचं पाणी होतं आणि तिथंच बसतं. दोन मिनिटं चालू करून बंद केलेल्या इंजिनात तुम्ही पाणी भरून ठेवलेलं असतं. न चालवता नुसता उभा ठेवला असता तर कदाचित कमी बिघडला असता.

आपण लोणचं घालतो तेव्हा बरणी आधी धुतो, पुसतो आणि कडक उन्हात तापवतो. का? आतल्या सांदीकोपऱ्यातला ओलावा नुसत्या फडक्यानं जात नाही, तापल्यावरच जातो. मग वर तेल येईल एवढं तेल घालतो, तोंडाला दादरा बांधतो, मधून मधून बरणी हलवून खालचा खार वर आणतो, म्हणजे वरच्या फोडी कोरड्या पडत नाहीत. आणि ओला चमचा कोणी घातला तर घरातलं थोरलं माणूस ओरडतं. इंजिनाचं सगळं हेच आहे. चेंबरमधलं ऑइल खालीच बसून राहिलं तर वरचे बेअरिंग आणि कॅम कोरडे पडतात, म्हणून महिन्यातून एकदा फिरवायचं. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घालायचा, तो दादरा. तो नसेल तर पावसाचं पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून सरळ सिलिंडरमध्ये जातं आणि पिस्टन धरतं. आणि दोन मिनिटांत इंजिन बंद करणं म्हणजे ओला चमचा. लोणच्याला बुरशी त्या दिवशी दिसत नाही. चार महिन्यांनी झाकण काढलं की दिसते. तसंच ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट पांढरा चिकट थर दिसला की समजा, पाणी मुरलंय. थर फार असेल तर हेडचं गॅस्केट गेलंय का तेही मिस्त्रीकडून बघून घ्या.

आणि आपण सगळे हे कधी करतो माहितीये? खंडेनवमीला! मला हे दरवर्षी बघवत नाही. सकाळी ट्रॅक्टर बाहेर ओढतात, मोटारीच्या पाइपनं इंजिनावर जोरात पाणी मारतात, हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. मग चावी मारतात, धूर निघाला की पोरं ओरडतात, फोटो होतो, आणि बंद. ओला तसाच परत शेडमध्ये, पुढच्या दसऱ्यापर्यंत. अहो, पूजा करता ना त्याची? मग पूजेनंतर त्याला रानात न्या. हार काढून ठेवा, मागं कुळव लावा आणि अर्धा तास चालवा. त्याला ते जास्त आवडेल.

अर्धा तास म्हणतेय तो रानातला, ओढ देऊन. दारात नुसता मंद आवाजात चालू ठेवून डिझेल इंजिन नीट तापत नाही. वर कच्चं डिझेल जळायचं राहतं आणि नोझलवर, व्हॉल्व्हवर काजळी धरते. रेस देऊन घूं घूं करणं त्याहून वाईट, कारण थंड ऑइल अजून वर पोचलेलं नसतं. चालू केल्यावर एक-दोन मिनिटं शांत ठेवा, मग हलक्या कामाला लावा. काटा हिरव्यावर आला की लगेच उतरू नका. काटा पाण्याचा ताप दाखवतो, चेंबरमधलं ऑइल त्याच्या बरंच मागून तापतं. हवेवरच्या इंजिनाला पाण्याचा काटाच नसतो, तिथं काम आणि वेळ हाच अंदाज. पुतण्या म्हणतो, काकी, तुम्ही हे एकच किती वेळा सांगता. सांगणार. कारण परवाच जवळच्या एका गावात एक झेटर बघून आलो, रंग इतका सुंदर मारलेला, टायर नवे, मडगार्डवर नाव घातलेलं, आणि इंजिन जाम. घरच्यांनी दर रविवारी चालू करून बंद केलेला. प्रेमानं केलेलं ते सगळं. रंगाला जेवढे पैसे गेले त्याच्या थोड्या भागात दोनदा ऑइल बदलून झालं असतं.

रंगाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मूळ रंग उडालेला असला तरी राहू द्या, गंज घासून त्यावर तेलाचा हात फिरवा. आणि इंजिनाच्या अंगावर जी नंबरची पाटी असते, तिच्यावर कृपा करून रंग मारू नका. कारखाना, साल, मॉडेल सगळं त्या पाटीवरून कळतं. पाटी गेली की सुटा भाग मागवताना कुठल्या मॉडेलचा मागवायचा हेच कळत नाही. सुट्या भागांचं तर... ते मोठं प्रकरण आहे. राजकोट, लुधियाना इथून अजून बरंच मिळतं, पण बुश आणि सील आम्ही खराद्याकडून... ते राहू दे, काचेपलीकडून दोन बोटं दाखवतायत, दोनच मिनिटं राहिलीत.

एक विनंती आहे. नाशिकला 1974 साली जर्मनीच्या डॉइट्झच्या सहकार्यानं किर्लोस्करांनी ट्रॅक्टरचा कारखाना काढला होता. आपल्या मातीतला ट्रॅक्टर, पण फार वर्षं चालला नाही, म्हणून आता सहज दिसत नाही. आम्ही बरीच वर्षं शोधतोय. तुमच्या भागात कुणाच्या गोठ्यामागं, वैरणीखाली असेल, तर भंगारवाल्याला किलोवर घालू नका. आम्हाला द्या असं म्हणत नाही. तुम्हीच ठेवा. फक्त त्याला आधी सेल्फ मारू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या इंजिनाला एकदम सेल्फ मारला तर धरलेली रिंग तुटते. नोझल काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या, मग फ्लायव्हील हातानं फिरतंय का बघा. फिरलं तर मिस्त्रीला बोलवा.

आणि जाता जाता, पावसाळ्यापूर्वी डिझेलची टाकी भरून ठेवायची, रिकाम्या टाकीच्या वरच्या पत्र्याला आतून पाणी सुटतं. क्लचच्या पायट्याला लाकडाचा ठोकळा लावून तो दाबलेला ठेवायचा, नाहीतर ओलीनं प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. बॅटरी काढून घरात. आणि टायर... टायरवरचा भार उतरवायला पुढचा-मागचा एक्सल विटांवर घेतात ते चुकीचं, विटा फुटतात, लाकडी ओंडकेच घ्या, आणि ओंडके घालताना जॅक सपाट, कडक जमिनीवर... हो, हो, थांबते.