माल आणि माहिती



हिंगोली जिल्ह्याचे नाव आता हळदीशी जोडले गेले आहे. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. अभिमानाची गोष्ट खरी. पण मोंढ्यात पोते उतरले, सौदा झाला, की त्या हळदीवरचे आपले नाव पुसले जाते. ती कोणाच्या रानातली, कोणी शिजवलेली, हे पुण्या-मुंबईच्या गृहिणीला कोण सांगणार? म्हणून काही शेतकरी आणि बचतगट हळद स्वतः दळून, पुड्या भरून विकू लागले आहेत. खरी अडचण तिथेच सुरू होते. पुडी चांगली असते, पण गिऱ्हाईक विचारते, “तुम्हाला ओळखतो कोण?”

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वीच सापडले होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. नांगरात खोट नव्हती. गाडे अडले होते ते विश्वासापाशी. पुढे १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली तिथून ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्र निघाले. संपादक होते शंकरराव किर्लोस्कर. कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी, हा मूळ हेतू. पण नुसत्या नांगराची स्तुती दर महिन्याला कोण वाचणार? वाचकाच्या उपयोगाचा मजकूर त्यात येत गेला, म्हणून ते वाढले. १९२९ साली नावातला ‘खबर’ शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक मराठी घरांत वाचले जाऊ लागले. अमेरिकेतही नांगर बनवणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ साली शेतकऱ्यांसाठी ‘द फरो’ नावाचे नियतकालिक काढले. फरो म्हणजे आपले नांगराचे तास. ते अजून चालू आहे.

यातून आपण काय घ्यायचे? एवढेच, की जाहिरात म्हणते “घ्या”, आणि माहिती म्हणते “पारखून घ्या”. पारखायला शिकवणाऱ्यावर माणूस विश्वास ठेवतो. आज तर छापखान्याचाही खर्च नाही. हातातल्या मोबाइलवरून आठवड्याला एक लहानसा मजकूर शंभर घरी पोचतो.

लिहायचे काय? जे तुम्हाला रोजचे आहे आणि घेणाऱ्याला ठाऊक नाही, ते. हळद मे-जूनमध्ये लावली की रानात आठ-नऊ महिने उभी असते. काढल्यावर ती शिजवावी लागते, उन्हात वाळवावी लागते, मग ढोलात घालून पॉलिश करावी लागते. पाच क्विंटल ओल्या हळदीची वाळून सुमारे एक क्विंटल उरते. हे वाचल्यावर भावाची घासाघीस करणारा जरा थांबतो की नाही, ते बघा. दुसऱ्या आठवड्यात घरगुती परीक्षा सांगा: पेलाभर पाण्यात चमचाभर हळद टाकावी, शुद्ध हळद खाली बसताना पाणी फिके पिवळे होते, आणि पाण्याला गडद पिवळा रंग चढला तर कृत्रिम रंगाचा संशय धरावा. ही परीक्षा तुमच्या पुडीलाही लागू पडेल, बरं का! म्हणूनच ती सांगण्याचे मोल आहे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, नेम चुकवू नये. चार आठवडे लिहून पाचव्याला गप्प बसलो, तर दुकान बंद पडले असे लोक समजतात. दुसरे, खोटे लिहू नये. पावसाने हळकुंडाला डाग पडले असतील, तर तसे लिहावे आणि भाव कमी लावावा. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात; पण ती एकदाच. दुसऱ्यांदा गिऱ्हाईक फिरकत नाही. शिवाय वसमत हे नाव कोणा एकट्याचे नव्हे. मानांकनाचे नाव वापरायचे तर रीतसर नोंदणी करावी लागते. एका पुडीत भेसळ निघाली, तर बोल साऱ्या शिवारावर येतो.

गुरुजी, आता थोडे तुम्हाला. आमच्या पुष्कळ शेतकऱ्यांना सांगता फार छान येते, पण लिहायचे म्हटले की हात अडखळतो. वरच्या वर्गातल्या मुलांना घरी पाठवा. आजीला, वडिलांना विचारून हळदीविषयी दहा ओळी लिहून आणू द्या. वर्गात त्या मोठ्याने वाचा, आणि ‘उत्कृष्ट’, ‘सर्वोत्तम’ असले शब्द मुलांकडूनच खोडून घ्या. उरेल तो मजकूर गावाच्या कामाचा. मुलांचा निबंधही होईल आणि बापाच्या मालाला ओळखही मिळेल.

शेतकरी मंडळी, येत्या आठवड्यात एवढे करा: गिऱ्हाइकांनी आजवर विचारलेले तीन प्रश्न कागदावर उतरवा आणि त्यांतल्या एकाचे खरे उत्तर लिहून पाठवा. पुढच्या आठवड्याचा विषय बहुधा गिऱ्हाईकच सुचवील.