एक संध्याकाळ गोधडीची

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या कार्यक्रमांची आखणी करण्यासाठी झालेल्या सभेत महिला मंडळाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)

रौप्यमहोत्सवात महिला मंडळाला एक संध्याकाळ मिळाली आहे. रांगोळी, पाककृती, संगीत खुर्ची हे दरवर्षी होतंच. यंदा आम्ही गोधडीची संध्याकाळ ठरवली आहे. हे ऐकल्याबरोबर दोघी-तिघी म्हणाल्या, "पंचवीस वर्षं झाली म्हणून काय चिंध्या जोडत बसायचं?" त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

आपल्यातल्या बहुतेकांची घरं मूळची खेड्यातली. कोणी मूल-सिंदेवाहीकडचे, कोणी ब्रह्मपुरीचे, कोणी वडसा-आरमोरीकडचे. कोळसा खाणी, वीज केंद्र, कागद कारखाना, शाळा-कचेऱ्या यांच्या नोकऱ्यांनी आपल्याला चंद्रपुरात आणलं. गावाकडे गोधडी नाही असं घर नव्हतं. कोणी तिला वाकळ म्हणतं, बाळाची असली की दुपटं. आपला उन्हाळा साऱ्या देशाला माहीत आहे, पण जंगलपट्टीतली पौषातली रात्र ज्यानं काढली त्यालाच तिची थंडी कळते. दिवाळीनंतर मंडईचे दिवस आले, झाडीपट्टीचं नाटक लागलं, की बायामाणसं पांघरूण घेऊनच निघत. नाटक रात्रभर चालायचं, लेकरं आईच्या मांडीवर गोधडीत झोपायची.

ही गोधडी कोणी विकत आणत नव्हतं. लुगडं विरलं की आधी त्याचं धुडकं व्हायचं, मग दुपटं, मग गोधडीचा थर, आणि शेवटी चुलीजवळचं फडकं. आता बोहारीणही दारावर फारशी दिसत नाही. कपाटं भरलेली आहेत, आणि कचऱ्याच्या गाडीत चांगल्या सुती कापडाच्या पिशव्या जाऊन राहिल्या आहेत.

ठिगळाची लाज वाटणाऱ्यांना एक आठवण करून देते. आपल्याच विदर्भातले, 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांचं वस्त्र घालून फिरले. लोक त्यांना गोधडेबुवा, चिंधेबुवा म्हणत. त्या चिंध्यांपुढे मोठमोठे लोक नमले.

हे काम एकट्या महाराष्ट्राचंही नाही. बंगालात कांथा आहे, बिहारात सुजनी आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बाया कवंद शिवतात. कडेपासून सुरुवात करून आत आत येतात आणि कोपऱ्यांवर रंगीत तुकड्यांची फुलं लावतात. फुलं नसली तर कवंद उघडी राहिली असं मानतात. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या जीज बेंड या गावी गुलामगिरीतून आलेल्या घराण्यांतल्या कृष्णवर्णीय बायांनी शेतावरच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवल्या. 2002 साली त्या संग्रहालयात लागल्या आणि 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटं निघाली. शिवल्या होत्या मात्र थंडीसाठी. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आखणी सांगते.

आपल्या सदनिका 32. गोधडी पाच फूट बाय सात फूट. एकेक फुटाचे चौकोन धरले तर आडवे पाच, उभे सात, म्हणजे 35. प्रत्येक घराचा एक. शिवणीत दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा इंच जातो, म्हणून कापड 13 इंच बाय 13 इंच कापून आणा. उरले तीन चौकोन. ते रात्रपाळीचे चौकीदार, झाडलोट करणाऱ्या मावशी आणि पाण्याची मोटर सांभाळणारे दादा यांच्या घरून आणायचे. या पंचवीस वर्षांत त्यांचाही वाटा आहे.

कापड सुती, धुतलेलं, रंग न जाणारं. नायलॉन, जॉर्जेट नको. सुई सरकते आणि घामात ते अंगाला चिकटतं. आरमोरीचा कोसा कितीही आवडीचा असला तरी नको, कारण गोधडी आपटून धुवावी लागते आणि कोशाला ते सोसत नाही. खाली दोन सुती पातळं जोडून अस्तर, मध्ये जुन्या चादरी-धोतरांचे दोन थर.

ठरलेल्या दिवशी चार वाजता जमायचं. चौघी शिलाई मशीन आणतील, चौकोन जोडून होतील. मग सतरंजीवर थर पसरून, सुरकुत्या काढून, मोठ्या टाक्यांनी कच्चं टाचायचं. ते पुरुषांनी आणि मुलांनीही करायचं. संध्याकाळी एवढंच होईल. खरी शिवण धावदोऱ्याची. कडेपासून आत, इंचभर अंतरानं फेरे घातले तर तीस फेरे होतात आणि टाक्याची एकूण लांबी साधारण 430 फूट भरते. घरटी साडेतेरा फूट. म्हणून महिनाभर गोधडी सभागृहात पसरलेली राहील. येता-जाता प्रत्येकानं आपला वाटा शिवायचा.

शिकवायला वस्तीतल्या, मजुरीवर गोधड्या शिवणाऱ्या एक बाई येणार आहेत. त्यांना चहा-नारळ देऊन पाठवायचं नाही. दोन दिवसांची पूर्ण मजुरी पाकिटात घालून, व्यासपीठावर बसवून द्यायची. वक्त्याला आपण मानधन देतो ना? मग बोटांतली विद्या फुकट कशी?

एक नाजूक गोष्ट. या पंचवीस वर्षांत आपल्यातली कितीतरी माणसं गेली. त्यांची पातळं, सदरे अजून कपाटात आहेत. काही घरांत गेलेल्या माणसाचं कापड वापरत नाहीत. त्यांच्यावर कोणी जोर करू नये. पण ज्यांना द्यावंसं वाटतं त्यांनी संकोच करू नये. पूर्वी आजीच्या लुगड्याचं दुपटं नातवाला घालत, ते हौसेनंच. नियम एकच: जे कापड आपल्या नातवाच्या अंगावर घालाल, तेच आणा.

आता शेवटचा आणि वादाचा मुद्दा. गोधडी झाल्यावर तिचं काय करायचं? काचेच्या चौकटीत घालून कार्यालयात लावावी, अशी एक सूचना आली आहे. सूचना प्रेमाची आहे, पण मंडळाचं म्हणणं वेगळं आहे. आपल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी पेशंट घेऊन नागपूर गाठलं आहे. पेशंटला खाट मिळते, सोबतचा माणूस वॉर्डाबाहेर फरशीवर रात्र काढतो. घाईत निघताना अंथरूण घ्यायचं कोणाला सुचतं? ही गोधडी त्या माणसासाठी ठेवावी. ज्या घरी अशी वेळ येईल, त्यानं रात्री-बेरात्री चौकीदाराकडून ती न्यावी आणि धुऊन परत आणावी. परक्या गावी 35 घरांचं कापड पाठीखाली असेल. विरली तर आणखी ठिगळ लावू.

सभेनं या दोन्ही गोष्टींना, म्हणजे बाईंच्या मजुरीला आणि गोधडीच्या या वापराला, आजच मंजुरी द्यावी अशी विनंती आहे. कापड येत्या रविवारपर्यंत मंडळाकडे पोचवा.