जुन्या गाडीचं फोर बाय फोर चालत नाही? ट्रान्सफर केस उघडण्याआधी हे बघा

आजचा भाग जुनी फोर बाय फोर घेऊन बसलेल्यांसाठी. पहिला पाऊस पडला की मला एकच मेसेज वेगवेगळ्या नावांनी येतो: "दादा, डॅशबोर्डवर दिवा पेटतो, पण चिखलात मागचीच चाकं फिरतात."

आधी त्या दिव्याचं सांगतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो ट्रान्सफर केसवरच्या स्विचवरून पेटतो. पुढच्या चाकांपर्यंत ताकद पोचली की नाही, याची त्याला खबरच नसते. ट्रान्सफर केसमधून एक प्रोपेलर शाफ्ट मागे जातो, एक पुढे. पुढचा शाफ्ट डिफरन्शियल फिरवतो, तिथून दोन बाजूंना दोन ॲक्सल शाफ्ट निघतात आणि टोकाला हब. हब लॉक झाला तरच चाक शाफ्टला जोडलं जातं. म्हणजे ताकद वाटेत कुठेही अडकू शकते, आणि आपण मात्र थेट सगळ्यात महागड्या डब्यावर संशय घेतो.

आमच्या मामांकडे पंधरा-सोळा वर्षांची डिझेल गाडी आहे. वेल्ह्याच्या पुढे डोंगरात त्यांची वाडी. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं तर वाडीत तीच एक गाडी. ती चढावर फसायला लागली. एका गॅरेजवाल्याने गाडीखाली न बघताच ट्रान्सफर केस उतरवायला सांगितली, खर्चाचा अंदाज 65 हजार. मामा म्हणाले, "एवढ्यात दुभती म्हैस येते रे!"

आम्ही काय केलं ऐका. पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर खडूने जाड रेघ मारली. मागची चाकं घसरतील अशा सपाट चिखलात गाडी उभी केली. मामा आत. फोर हाय टाकलं, पहिला गिअर, क्लच हळू सोडला. मी बाजूला लांब उभा, आणि मोबाइल काठीला बांधून खाली धरलेला, स्लो मोशनवर. (चालू गाडीखाली डोकं घालायचं नाही. पुढे-मागे उभं राहायचं नाही. व्हिडिओ पुन्हा काढता येतो.)

व्हिडिओत शाफ्टवरची रेघ गरगर फिरत होती. म्हणजे ट्रान्सफर केस आपलं काम चोख करत होती! मग अजून नीट बघितलं. डाव्या बाजूचा ॲक्सल शाफ्ट जोरात फिरतोय, चाक जागेवर. उजवीकडचा शाफ्ट आणि चाक दोन्ही गप्प. याचा अर्थ डावा हब लॉकच होत नव्हता.

इथे बरेच जण गोंधळतात: एक हब गेला तर दुसरं चाक तरी ओढेल ना? नाही ओढत. साध्या डिफरन्शियलमध्ये जिकडे अडवणूक कमी तिकडे सगळं फिरणं जातं. त्यामुळे एक हब सुटा राहिला की पुढची दोन्ही चाकं बिनकामाची. हे ॲक्सल शाफ्ट पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत उघडे दिसतात. अखंड ॲक्सल असेल तर ते झाकलेले असतात, तिथे दोन्ही हब तपासायचे.

मामांच्या गाडीचे हब व्हॅक्यूमवर चालतात. डाव्या हबकडे जाणारी रबरी नळी वळणावर तडकली होती, बोटाने दाबली की चीर उघडायची. नळी बदलली, काम झालं. पैसे काही शेकड्यांत. तुमच्याकडे दोन्ही हब लॉक होत नसतील आणि ब्रेकही जड लागत असेल, तर व्हॅक्यूम पंप बघा, कारण बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेक बूस्टरलाही तोच पंप असतो. हाताने फिरवायचे हब असतील तर दोन्ही बाजू पूर्ण 'लॉक'वर आहेत ना, एवढंच आधी बघा.

आता उलटी केस. मागची चाकं घसरतायत आणि पुढच्या शाफ्टवरची रेघ हलतच नाही. मग ट्रान्सफर केसकडे वळा, पण तिथेही बाहेरून आत. खटका असलेल्या गाडीत फ्यूज, रिले, मग खालच्या शिफ्ट मोटरचा प्लग. पाणी जाऊन पिना हिरव्या पडलेल्या असतात. खटका फिरवल्यावर खालून मोटरचा आवाज येतो का, तेही ऐका. लिव्हरवाल्या गाडीत लिव्हरच्या जोडाचे बुश झिजतात. हे सगळं ठीक निघालं, तरच केस उघडायचा विषय.

आणि फोर हाय निघतच नाही, लिव्हर अडकलाय, असं असेल तर जोर लावू नका. पार्ट-टाइम सिस्टीममध्ये मध्यभागी डिफरन्शियल नसतं. डांबरी रस्त्यावर वळलात की पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात. सरळ रेषेत थोडं रिव्हर्स घ्या, पीळ सुटला की लिव्हर बहुतेक वेळा आपोआप येतो. दोनच टायर नवे टाकले असतील तरी असा पीळ बसतो, म्हणून चारही टायरचा साइज आणि झीज तपासा.

मेकॅनिककडे जाताना तो व्हिडिओ सोबत न्या. रेघ फिरते की नाही, हे आधी त्याला दाखवा, अंदाज मग विचारा.