आजीची काटेरी कुंडी

मागच्या वर्षी आजी गेली आणि तिच्या गॅलरीतला एक कॅक्टस माझ्याकडे आला. नाव कुणालाच माहीत नाही. मी आपली मायेने रोज पाणी घालत राहिले, आणि ऐन पावसाळ्यात खोड बुडाशी मऊ पडलं.

तेव्हा कुठे नीट पाहिलं. खऱ्या कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या छोट्याशा गादीतून फुटतात. इथे गादीच नाही. काटे जोडीजोडीने, थेट धारेवर. सडका भाग कापला तर पांढरा चीक! म्हणजे हा कॅक्टस नव्हेच, आपल्या त्रिधारी निवडुंगाचा भाऊबंद, युफोर्बिया. हा चीक डोळ्यात गेला तर इजा होते. म्हणून हातमोजे घाला, आणि नुसतं ओळखायला म्हणून कापू नका.

वरचा चांगला तुकडा आठवडाभर सावलीत सुकवला, मग भोक असलेल्या कुंडीत, भरपूर वाळू मिसळलेल्या मातीत लावला. आता नियम एकच: उजेड भरपूर, पाणी माती पूर्ण सुकल्यावरच. कॅक्टस असो की युफोर्बिया, दोघांनाही हेच चालतं.

आज शेंड्याला नवी पालवी आहे. आजी त्याला क्वचितच पाणी घालायची. आम्हाला वाटायचं, विसरते.