स्कॅनर मुका राहतो तेव्हा



जुन्या पिकअपच्या स्टीअरिंगखाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. मेकॅनिक त्यात स्कॅनर लावतो आणि इंजिनाचा संगणक आपली तक्रार सांगतो. पण कधी कधी स्कॅनर सुरूच होत नाही, किंवा सुरू होतो आणि संपर्क होत नाही म्हणतो. मग बरेचदा निकाल दिला जातो, ‘ईसीएम गेला’, म्हणजे इंजिनाचा संगणक गेला. हजारोंचा सुटा भाग बदलतात आणि गाडी तशीच राहते. माझे म्हणणे एवढेच, की संगणकाला दोष देण्याआधी त्याचे बोलणे ज्या तारांतून येते त्या तपासा. त्या तपासायला मोठे यंत्र लागत नाही, क्रम लागतो.

हे सॉकेट आले कुठून, ते आधी पाहू. त्याची गोष्ट धुरापासून सुरू होते. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे कारण बराच काळ कळत नव्हते. कॅल्टेकमध्ये अननसाच्या गंधाचा अभ्यास करणारे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले, की मोटारींचा धूर आणि ऊन यांच्या रासायनिक क्रियेतून हे धुरके तयार होते. पुढे १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन झाले आणि त्याचे पहिले अध्यक्ष तेच झाले. धूर आटोक्यात ठेवायचा तर इंजिनाने आपला बिघाड स्वतः ओळखून सांगितला पाहिजे, हा विचार त्याच वाटेने कायद्यात आला. १९९६च्या मॉडेलपासून अमेरिकेतल्या प्रत्येक नव्या मोटारीला आणि हलक्या ट्रकला ओबीडी-२, म्हणजे बिघाड स्वतः ओळखून सांगणारी व्यवस्था, सक्तीचे झाले. सॉकेटचा आकार सर्वांना एकच ठरला, जागाही ड्रायव्हरच्या हाताशी. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरबाहेरच्या मेकॅनिकलाही धुराशी संबंधित बिघाड वाचता यावा, हा त्यामागचा एक हेतू होता. म्हणून हे सॉकेट मी लोकांच्या हक्काचे मानतो. भारतातही एप्रिल २०१३ पासून बीएस-४ या धुराच्या मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ लागू झाले, त्यामुळे आज मी जे सांगतो आहे त्याचा गाभा आपल्याकडच्या पिकअपलाही लागू पडतो.

उदाहरणाला १९९६ नंतरची शेवरोले सी/के पिकअप घेऊ. अमेरिकेत शेतावर आणि बांधकामावर राबलेली ही गाडी. पहिले काम, बॉनेटखालचे धुराचे लेबल वाचणे. १९९५च्या काही गाड्यांत सॉकेट सोळा पिनांचेच दिसते, पण आत भाषा जुनी असते. तिथे ओबीडी-२चा स्कॅनर गप्पच राहणार आणि तो दोष वायरिंगचा नसतो. दुसरे, स्कॅनर दुसऱ्या चालू गाडीवर लावून पाहा. या शेवरोलेची माहिती २ नंबरच्या पिनवरून एकाच तारेने येते. त्या काळच्या फोर्डमध्ये २ आणि १० अशा दोन पिना वापरल्या जातात. काही स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरना या पिनांवरची भाषा येतच नाही. तिसरे, चावी फिरवा आणि इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो का ते बघा. पेटत नसेल तर संगणकालाच करंट पोचतो का, हे आधी पाहावे लागेल.

आता सॉकेटकडे वळू. सोळांपैकी कितीही पिना वापरलेल्या असोत, तीन पिनांचे काम सगळ्या गाड्यांत तेच. १६ नंबरला बॅटरीचा पॉझिटिव्ह, ४ नंबरला बॉडीचा अर्थ, ५ नंबरला सिग्नलचा अर्थ. स्कॅनरची स्क्रीन उजळतच नसेल तर निम्मे उत्तर इथेच असते. जुन्या अमेरिकी पिकअपमध्ये १६ नंबरचा फ्यूज बरेचदा सिगारेट लायटरच्या सॉकेटशी सामाईक असतो. त्या सॉकेटात नाणे पडले किंवा टायरला हवा भरायचा कंप्रेसर लावला, की फ्यूज उडू शकतो. लायटर कोण वापरतो? म्हणून महिनोन् महिने कुणाला पत्ता लागत नाही.

फ्यूज शाबूत असेल तर पुढे जायचे, आणि इथेच खरी फसगत होते. मल्टीमीटर १६ आणि ४ यांच्यात साडेबारा व्होल्ट दाखवतो, म्हणून वायरिंग ठीक असे मानले जाते. पण मीटर जवळपास काहीच करंट ओढत नाही. तारेचे दहा धागे तुटून एकच उरला असेल तरी मीटरला पूर्ण व्होल्टेज दिसते. रुंद वाटणारी नदी हंड्याभर पाण्याची आहे की कालवा भरण्याइतकी, हे पाणी ओढल्याशिवाय कळत नाही. म्हणून २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब १६ आणि ४ यांच्यात जोडा. तो सुमारे पावणेदोन अँपिअर ओढतो. बल्ब झगझगीत पेटला तर ठीक, मिणमिणला तर कुठेतरी वाट अरुंद आहे. तसाच बल्ब पेटता ठेवून ४ नंबर आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यातला फरक मोजा. तो व्होल्टच्या एक-दोन दशांशापलीकडे जाऊ नये. गेलाच तर अर्थचा बोल्ट शोधा. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे बॉडीच्या जोडांना गंज चढतो. बोल्ट घट्ट दिसतो, पण त्याखाली रंग किंवा गंज असतो. पत्रा घासून चकचकीत करा, मग आवळा. हीच परीक्षा ५ नंबरचीही घ्या.

करंट आणि अर्थ पक्के झाल्यावरच माहितीच्या तारेला हात लावायचा. या शेवरोलेमध्ये २ नंबर शांत असताना शून्याच्या आसपास असतो आणि बोलताना सुमारे सात व्होल्टपर्यंत उसळ्या घेतो. कायम बारा व्होल्ट दिसले तर तार कुठेतरी पॉझिटिव्हला चिकटली आहे. सतत शून्य असेल तर अर्थला चिकटलेली असू शकते, किंवा कुणी बोलतच नाही. एकाच तारेवर अनेक मॉड्यूल, म्हणजे छोटे संगणक, बसलेले असतात, एकाने ती दाबून धरली की सगळे मुके होतात. मग एकेक मॉड्यूल सोडवत जायचे. ज्याला सोडवल्यावर तार मोकळी होते, तो दोषी. नव्या, म्हणजे कॅन या दोन तारांच्या जाळ्याच्या गाड्यांत मात्र बॅटरी सोडवून ६ आणि १४ यांच्यात साठ ओहम मिळायला हवेत, कारण दोन्ही टोकांना एकशेवीसचे रोधक असतात.

दोषाची जागा शोधताना गाडीचा इतिहास विचारा. बाहेरून बसवलेला रेडिओ, अलार्म, ट्रॅकर, ट्रेलरचा ब्रेक, हे सगळे याच डॅशबोर्डखाली घुसवलेले असतात. हाताने पिळून टेप गुंडाळलेला जोड दिसला की तिथे थांबा. तपासताना सॉकेटच्या पिनांत मीटरचा जाड टोकदार प्रोब खुपसू नका, पिना पसरतात आणि उद्याचा बिघाड आजच तयार होतो. तारेचे आवरण टोचू नका, त्या छिद्रातून ओल शिरून तांब्यावर हिरवट थर चढतो. सॉकेटच्या मागच्या बाजूने हलकेच मोजा. दुरुस्ती करताना तार डाखून वर हीट श्रिंकची नळी चढवा.

श्रोतेहो, ज्या मुलांना आपण मोटर मेकॅनिकचे शिक्षण देतो, त्यांना स्कॅनर हातात देण्याआधी वायरिंगचा नकाशा वाचायला आणि बल्ब लावून तपासायला शिकवा, अशी माझी आयटीआय आणि गॅरेजमालकांना कळकळीची विनंती आहे. स्कॅनर कोड दाखवतो, पण तो कोड कोणत्या तारेतून आला आणि त्या तारेवर भरवसा ठेवावा की नाही, हे मेकॅनिकनेच ठरवायचे असते. ते ठरवता येणारा माणूस गाडीमालकाचा पैसा वाचवतो, चांगला भाग भंगारात जाऊ देत नाही, आणि ज्या धुरासाठी हे सॉकेट आले तो धूरही आटोक्यात ठेवतो.